पिवळ्या सात्या

मिलिंददादा गेल्यावर आमच्या घरात हळद घालणं बंद झालं. असं कुणी ठरवलं नव्हतं. त्याच्या काविळीच्या पथ्यात आईनं तेल, तिखट आणि हळद तिन्ही बंद केली होती. तो गेल्यावर तेल परत आलं, तिखट परत आलं, हळदीचा डबा मात्र फळीवर पिठाच्या डब्यामागे राहिला तो राहिलाच. वरण पांढुरकं, बटाटा पांढुरका, कोबी तर मुळातच पांढरा. बाबा जेवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे आणि विहाराच्या कामाला निघून जायचे. मीही जेवायचे. भाजी अशी का दिसते, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मी तेव्हा अकरावीत होते. शेजारच्या बायका मला जवळ घेऊन विचारायच्या, पोरी, रडलीस का गं मोकळी होऊन? मी हो म्हणायचे. खरं म्हणजे मी रडले नव्हते. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं माझं सगळंच झालं होतं. दुखत नव्हतं, आणि दुखत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ होती. बारा खोल्या, मध्ये नळ, मागे एक नाला आणि नाल्यापलीकडे थेट जंगल. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग नळावर हंडे आपटल्याचा आवाज, मग घराघरातल्या कुकरच्या शिट्ट्या. पावसाळ्यात या सगळ्याच्या खाली रातकिड्यांची एक किरकिर चालू असायची, ती इतकी सतत की थांबली तरच कळायची. बाबा एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. शिस्तीचे, पेपर वाचणारे, अंगारे-धुपाऱ्यांचा मनापासून राग असणारे. आई चंद्रपूरकडच्या जंगलातल्या गावची. शाळा चौथीपर्यंत, पण झाडपाला तिला पुस्तकासारखा वाचता यायचा. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा तिला इथलं काहीच आवडलं नाही, आवडला तो फक्त हा मागचा डोंगर. पाड्यावरची लाडकीबाई रस्त्यावर रानभाज्या विकायला बसायची, तिच्याशी आईची दोस्ती जमली. दोघींची भाषा वेगळी, पण पाला दोघींनाही ओळखू यायचा, तेवढ्यावर त्यांचं भागत असे. टाकळा, कुर्डू, कवळा, काय काय आमच्या ताटात यायचं. बाबा थट्टेनं म्हणायचे, तुझ्या आईला मंत्रालयासमोर सोडली तरी ती तिथून चार भाज्या घेऊन येईल.

दादाची कावीळ डोळ्यांत दिसली तेव्हा बाबांनी त्याला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मिळाल्या, आराम सांगितला. पण आईला कुणीतरी ठाण्यापलीकडच्या एका गावातल्या माणसाचं सांगितलं. तो कावीळ उतरवायचा. चुन्याच्या निवळीत रोग्याचे हात धुवायचा, पाणी पिवळं व्हायचं, आणि सात दिवस सकाळी अनशापोटी प्यायला कसल्याशा पाल्याचा रस द्यायचा. बाबा ड्युटीवर असताना आई दादाला घेऊन गेली. मीही बरोबर होते. पाणी खरंच पिवळं झालं होतं, मी पाहिलं. आई त्या पाण्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला अजून आठवते. गेलं एकदाचं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग रोज सकाळी बाबा गेले की ती पेला घेऊन दादाच्या उशाशी बसायची. दादा एकोणीस वर्षांचा. तो तोंड वाकडं करायचा, नको म्हणायचा. आई म्हणायची, "चांगलं हाय, पी." रस कडू असायचा. दादा डोळे मिटून प्यायचा, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. सहाव्या दिवशी तो असंबद्ध बोलायला लागला. इस्पितळात तीन दिवस होता. यकृत आधीच गेलं होतं, डॉक्टर म्हणाले. रसानं गेलं की आजारानं, ते त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही. बाबांनी आईला त्या रसावरून एक शब्दही कधी बोलून दाखवला नाही, आणि मला वाटतं तेच तिला जास्त लागलं असावं.

त्यानंतर आई डोंगरावर जायची थांबली. लाडकीबाई दोनतीनदा दारापर्यंत आली, उंबऱ्यावर भाजीची जुडी ठेवून गेली. आईनं ती शिजवली, पण तिच्याशी बोलली नाही. वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात, आषाढ संपत आला असताना, एका रविवारी सकाळी आईनं अचानक कापडी पिशवी खांद्याला लावली आणि पदर खोचला. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपराआडून माझ्याकडे पाहून खूण केली, जा बरोबर. तिला एकटीला सोडायची भीती सगळ्यांनाच होती, त्याचं कारण मात्र कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. मी चप्पल घालून निघाले.

वर चढताना ती पुढं होती. बांबूच्या बेटापलीकडे, जिथं जुनी झाडं दाट आहेत आणि खाली पाचोळ्याचा जाड थर असतो, तिथं ती थांबली आणि खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. जवळ जाऊन पाहते तर पाचोळ्यातून पिवळी पिवळी काहीतरी डोकी वर आली होती. अंड्याचा बलक असतो ना, अगदी तो रंग. आईनं बोटांनी पाचोळा अलगद बाजूला केला आणि म्हणाली, "सात्या." तिच्या गावाकडे अळंबीला सात्या म्हणतात. माझा जन्म मुंबईचा, मला हा शब्द फक्त तिच्या गोष्टींतून ठाऊक होता. ती म्हणाली, आमच्याकडच्या पिवळ्या सात्या, मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहते. आणि मग ती बोलायला लागली. वर्षभरात ती एवढं बोलली नव्हती.

तिनं एक उपटून उलटी धरली आणि माझं बोट तिच्यावरून फिरवलं. साध्या छत्रीच्या खाली कशी सुटी सुटी पाती असतात, सुरीनं कापल्यासारखी, तशी यात नव्हती. इथं पाती नव्हतीच, नुसत्या चुण्या होत्या, परकराच्या निऱ्यांसारख्या, एकीतून दुसरी फुटलेली, आणि त्या टोपीपाशी न थांबता थेट दांड्यावर उतरलेल्या. टोपी कुठं संपते आणि दांडा कुठं सुरू होतो ते सांगता येत नव्हतं. टोपी मध्ये खोलगट, कड नागमोडी. मग तिनं ती उभी फाडली. आत पोकळ नव्हती, भरीव होती, आणि वरून पिवळी असली तरी आत जवळजवळ पांढरी. "वास घे," ती म्हणाली. मी घेतला. गोडसर, फळासारखा काहीतरी वास होता. ती म्हणाली टेंभराचा. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, मी कधी खाल्ली नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी ऑफिसात कुणीतरी सुके जर्दाळू आणले, पिशवी उघडली आणि मी टेबलाशी जागच्या जागी थिजले, कारण वास तोच होता.

थोडं पुढं एका कुजक्या बुंध्यावर तशाच पिवळ्या रंगाचा एक घोसच्या घोस होता. मी म्हटलं, आई, इथं तर ढीग आहे. तिनं माझा हात धरून मागे ओढलं. त्यातली एक उलटी केली, खाली बारीक धारदार पाती होती. लाकडातून आलेली, एकमेकींच्या पायात पाय घालून वाढलेली, ती आपली नव्हे, ती म्हणाली. आपली मातीतून येते, दूर दूर उभी राहते. रंग बघून काही ठरत नाही, खाली बघायचं. आमच्या शाळेतल्या बाईंनी तर नेमकं उलटं शिकवलं होतं, रंगीत छत्र्या विषारी, पांढऱ्या चांगल्या. पांढऱ्यांतल्या कित्येक माणूस मारतात हे मला फार पुढे कळलं. आणि माझ्या या वर्णनावर विसंबून कुणी डोंगरात पिशवी घेऊन जाऊ नये, हेही सांगून ठेवते. एका उतारवयातल्या बाईनं चाळीसएक वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे हे.

तिच्या तोंडावर उजेड आला होता. हे मला दिसत होतं, कळतही होतं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती, की हे तिच्या गावाचं जंगल नाही. तिथं जे चांगलं ते इथंही चांगलंच असेल कशावरून? त्या ठाण्यापलीकडच्या माणसाकडेही ती अशीच खात्रीनं गेली होती. पिशवी अर्धी भरल्यावर ती मला म्हणाली, नळ यायची वेळ झाली, तू हो पुढं, हंडे भर, मी येतेच. मी उतरले. ती तासाभरानं आली. इतका वेळ का लागला हे मी विचारलं नाही.

दुपारी तिनं सात्या पाण्यात न भिजवता नुसत्या ओल्या फडक्यानं पुसल्या, हातानं फाडल्या, कांदा-लसूण, खोबरं, काळं तिखट घालून परतल्या. घरभर वास पसरला. शेजारच्या मालवणी काकू दारात येऊन चांदीची अंगठी टाकून बघ गं म्हणाल्या, काळी पडली तर विष. आई हसली, खरोखर हसली, म्हणाली, अंगठीला काय कळतंय. हळद तिनं घातली नव्हती, पण कितीतरी महिन्यांनी आमच्या कढईत काहीतरी पिवळं होतं. बाबा आंघोळ करून येऊन बसले. तिनं तिघांची ताटं मांडली, बाबांच्या ताटात वाढलं, माझ्या ताटात वाढलं. मी हात लावला नाही. ती माझ्यासमोर बसली, माझ्या तोंडाकडे बघत, आणि म्हणाली,

"चांगलं हाय, खा."

तेच शब्द होते, तोच आवाज, तसंच तोंडाकडे बघणं. मी आवाज चढवला नाही. मला राग आला असं आजही म्हणता येत नाही, कारण राग म्हणजे काहीतरी वाटणं असतं. दुकानात भाव सांगावा तसं मी म्हटलं, "दादालापण असंच म्हणाली होतीस."

बाबांचा हात भातात होता, तो तिथंच थांबला. "सुजाता," एवढंच ते म्हणाले. मी उठले, बाबांचं ताट उचललं, माझं उचललं, तिचंही उचललं, कढईही घेतली आणि मागच्या दारानं जाऊन सगळं नाल्याच्या कडेला ओतलं. आईनं मला अडवलं नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान मारेल. परत आले तर तिनं साधा भात आणि पांढरं वरण दोघांना पुन्हा वाढलं होतं. आम्ही जेवलो. तिनं कढई घासली, नेहमीपेक्षा जास्त वेळ घासली असंही नाही. मी अभ्यासाला बसले आणि मला नीट अभ्यास झाला. हे मला आज लिहायला जड जातंय, पण झाला खरा.

तीन दिवसांनी कॉलेजातून येताना रस्त्याच्या कडेला लाडकीबाई तिच्या टोपलीशी बसलेली दिसली. तिनं मला हाक मारली आणि विचारलं, रविवारची अळंबी कशी लागली? ती आपल्याच नादात सांगत राहिली. तुझी आय पाड्यावर आलती ना, वर्षानं आली. पिशवी रिकामी केली अंगणात, एकेक उलटी करून मला दाखवली, माझ्या सासूला दाखवली. म्हणे, माझ्या गावची मला ठाऊक, इथली तुम्हाला ठाऊक, तुम्ही बघून सांगा, मगच पोरीला घालीन. आम्ही सगळी बघितली. त्यातली दोन सासूनं काढून टाकली, किडकी होती म्हणून. बाकीची एक नंबर. कुजक्या बुंध्यावरचीही तिनं विचारली, ती घेऊ नको म्हटलं, तर म्हणाली घेतलीच नाही. एवढं सांगून लाडकीबाईनं मला कवळ्याची एक जुडी दिली, आईला दे म्हणून.

मी ती जुडी घेऊन घरी आले. आई तांदूळ निवडत होती. रविवारी ती एकच वाक्य बोलली असती तर पुरलं असतं, मी विचारून आणलंय. ती बोलली नव्हती. आणि आता मला कळलंय हे मीही तिला सांगू शकत होते, त्यालाही एकच वाक्य पुरलं असतं. मी जुडी ताटाशेजारी ठेवली, लाडकीबाईनं दिली म्हटलं आणि कपडे बदलायला गेले. सुरुवातीला मी गप्प राहिले ते मला काही वाटत नव्हतं म्हणून. मग वाटायला लागलं तेव्हा लाज आडवी आली. आणि मग इतकी वर्षं झाली की गप्प राहणं हेच आमच्या दोघींमधलं बोलणं होऊन बसलं.

आई त्यानंतर डोंगरावर गेली नाही. नुसतं तेवढंच असतं तर चाललं असतं. पण तिनं कशाचीच खात्री देणं सोडून दिलं. आमटीत मीठ घातल्यावर मला बोलावून चव बघायला लावायची. ताप आला तर सुंठ उगाळणारी बाई आता विचारायची, डॉक्टरांची कुठली गोळी देऊ? भाजीवाल्याकडची मेथी ताजी आहे का हेसुद्धा मला विचारायची, मला, जिला मेथी आणि शेपू यांतला फरक वासावरून कळायचा नाही. वर्षभरानं मीच हळदीचा डबा खाली काढला आणि फोडणीत हळद टाकली. तिनं पाहिलं. माझं लग्न झालं, मुलगा झाला, तेव्हाही बाळाला गुटी देऊ का, असं तिनं नर्सला विचारलं. लोक म्हणायचे, तुझी आई किती शहाणी, अजिबात लुडबूड करत नाही. मी हो म्हणायचे. खोटं हो म्हणायची माझी सवय तोवर पक्की झाली होती.

बाबा जाऊन बारा वर्षं झाली. चाळीच्या जागी आता इमारत आहे, आई माझ्याकडेच असते, सातव्या मजल्यावर. तिच्या खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणजे दोन टॉवरच्या मधून जेवढा दिसायचा तेवढा. ऐंशी उलटली आहे, पाय चालत नाहीत, पण डोळे आणि डोकं ठणठणीत. परवा, म्हणजे या पावसाळ्यातच, मी दूध घेऊन येत होते. पाड्याच्या रस्त्यावर लाडकीबाईची नात बसते आता, पायाशी मोबाइल आणि पुढ्यात पळसाच्या पानावर रानभाज्या. कवळ्याशेजारी पाचसहा पिवळ्या सात्या होत्या. मी वाकून एक उलटी केली. चुण्या थेट दांड्यावर उतरल्या होत्या. नाकाशी धरली. मग तिला विचारलं, कुठून आणल्यास, ती म्हणाली आजीच्या जागेवरून, दर वर्षी तिथंच येतात. मी सगळ्या घेतल्या. घरी मुलानं मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं, मोबाइल म्हणाला असू शकेल, नसूही शकेल. इतकं प्रामाणिक तर आमच्या घरात कुणीच नव्हतं.

मी पान आईच्या पुढ्यात ठेवलं. तिनं एक उचलून उलटी केली आणि परत ठेवली. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हटलं, आई, तू त्या दिवशी लाडकीबाईला दाखवून आणल्या होत्यास. मला तिनंच सांगितलं होतं, तीनच दिवसांनी. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? मी ओतत होते तेव्हा का नाही बोललीस?

तिनं सात्याची नागमोडी कड बोटानं सरळ करायचा प्रयत्न केला.

"काय बोलू? तुले माह्या हातचं खायची भीती वाटली. मंग त्या चांगल्या हायेत म्हणून काय उपेग. आन् चांगलं हाय चांगलं हाय तं मी मिलिंदलेबी म्हणतच होती ना, पोरी. माह्या त्या बोलण्यात काही राहिलं नव्हतं."

मला रडू येईल असं वाटलं. नाही आलं. पण या वेळी नाही आलं याचं वाईट वाटलं, एवढं खरं. मी उठले, सात्या ओल्या फडक्यानं पुसल्या, हातानं फाडल्या. ती चाकाच्या खुर्चीतून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. खोबरं किती घालू, तिखट कुठलं, हे मी तिला विचारत गेले. पहिल्यांदा ती म्हणाली, तुले जसं वाटते तसं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणाली, तेवढं नको, वास मरते. हळद घालू का, मी विचारलं. घाल, ती म्हणाली.

दोन ताटं वाढून मी टेबलावर ठेवली. तिनं ताटाला हात लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसली, दादाच्या उशाशी बसायची तशी. मी भाकरीचा तुकडा मोडला, सात्याची भाजी घेतली, तोंडात घातली, चावली, गिळली.

"चांगलं हाय, खा," मी म्हटलं.

तिनं ताट पुढे ओढलं.